फोकस माह्या भावावर बसला

(सांगणारी : शोभा, फोटोग्राफर, केनवड)

मी केनवडची. जन्म इथलाच, शाया बी इथलीच, लगन झालं अन् तीन वर्सांत नवरा दुसरीच्या घरी राह्याले गेला तं मी परत आली, तवापासून मायजवळच हाये, त्याचं काही सांगन्यासारखं नाई. घरी तिघंच, माय, मी अन् माहा लायना भाऊ दीपक. बाप लवकर गेला. माय लोकाच्या वावरात निंदाले जाये अन् दीपक माह्या कडेवर, काय सांगू तुमाले, माहंच वय काय, नऊ, पन त्याले म्या खाली ठेवलं नाई, त्याले ताप आला तं रातभर म्याच घेऊन बसा लागे.

नवऱ्याकडून आल्यावर काम पाह्यजे होतं. रिसोडले रहीमचाचाचा फोटो स्टुडिओ, तिथं पयले झाडूपोछाले लागली. चाचानं दोन-चार महिने पाह्यलं का ही बाई फरशी पुसता पुसता फोटोकडेच पाह्यते, मंग एक दिवस कॅमेरा हातात देल्ला, म्हने, बेटा, गिराना मत. बस, तवापासून मी फोटोवाली. लगनं काढली, बारशे काढले, आमच्या विहारातले कार्यक्रम काढले. सुरुवातीले लोकं हासत, बाई फोटो काढून राह्यली म्हनून, मंग थेच लोकं घरी येऊन तारीख इचारू लागले.

पन चाचा म्हने, नवरा-नवरी कुठं पयते? थे उभेच राह्यते, त्यायचा फोटो कोनीबी काढीन. पयत्या गाडीचा काढून दाखव. मले रिसोडच्या रोडवर नेऊन उभं करे अन् मी येनाऱ्या-जानाऱ्या जीपा, एसट्या काढत बसो. शंभर काढले तं चार चांगले निंगत. चाचा एकेक गोष्ट सांगे. कॅमेऱ्याले सांगा लागते का एकदा फोकस करून थांबू नको बाप्पा, गाडी जशी येते तसा तू बी तिच्यासंग चाल. फोकसचं बटन मांगं, अंगठ्याखाली घ्याचं, म्हंजे बोट फक्त फोटो काढाले मोकयं. अन् तिसरी गोष्ट सर्वात मोठी, मधात दुसरं कोनी आलं तं कॅमेऱ्यानं काय कराचं. त्याचा एक आकडा राह्यते. तो इकडे केला तं कॅमेरा हट्टी, मधात झाड येवो का मानूस येवो, तो धरलेली गाडी सोडत नाई. तिकडे केला तं चंचल, जे पुढे दिसलं त्याच्यावर उडी मारते. चाचाचं एकच सांगनं, हट्टी रखना बेटा, जिसको पकडा उसको छोडना नहीं.

आता रेसचं सांगतो. सोयाबीन निंगालं का आमच्याकडचे पोट्टे मोकया वावरात मोटारसायकलच्या रेसा लावते. ट्रॅक्टरनं रस्ता पाडते, दोन्ही बाजूनं दोर बांधते, अन् लोकं असे लोटते का जत्राच. त्या वर्षी फोटोचं काम मले भेटलं. पयल्याच फेऱ्याले समजलं का आज कठीन हाये. फुफाटा एवढा का गाड्या दिसतच नाईत, अन् एकदम चार-पाच संगच बाहेर निंगते. माहा कॅमेरा हट्टी, तो मांगच्याले धरून बसे अन् पुढचा निंगून जाये. दोन फेरे वाया गेले. मंग म्या आकडा बदलला. चंचल केला. चाचा तिथं असता तं करू देल्लं नसतं.

त्या दिवशी सर्वात पुढे वसीम होता. कारंजाचा पोट्टा, गाड्या दुरुस्त करनारा, स्वतःच्या हातानं गाडी बनोलेली. अन् त्याच्या मांगं आमच्या गावचा गनेश. गनेश म्हंजे दीपकचा जिवाचा दोस्त.

शेवटचा फेरा. मी मोडावर, रस्ता वयते तिथं, मांडी घालून बसेल होती. वसीम फुफाट्यातून निंगाला अन् म्या बोट दाबलं ते दाबूनच धरलं, माहा कॅमेरा एका सेकंदात दहा फोटो काढते. कॅमेऱ्याच्या भोकातून जग एवढंसं दिसते भाऊ. मले एवढंच समजलं का मधात काहीतरी पांढरं आलं अन् गेलं. मंग आवाज. गाडी आडवी झाली, घसटत आली, दोर तोडला अन् सीधी लोकाईत घुसली. बाया-पोरं एकमेकाच्या अंगावर पडली. आमच्या गावचे नामदेवबुवा, सत्तरीचे, पुढेच बसले होते, गाडी त्यायच्या छातीवर. इंजिन चालूच होतं, चाक फिरतच होतं, अन् त्या चाकानं त्यायचं धोतर गुंडायून घेतलं, मंग मांस. बुवा वरडले बी नाईत. तोंडातून रगत आलं अन् माती पेत गेली.

वसीम पाच-सात हात लांब पडला होता. उठून बसला. बसलाच होता का लोकं त्याच्यावर तुटून पडली. दारू पेऊन गाडी घातली साल्यानं, हाना रे. काठ्या, पट्टे, लाता, जे हातात आलं ते. कोनीतरी त्याच्या डोक्यातलं हेल्मेट ओढून काढलं अन् त्याच हेल्मेटनं त्याच्या तोंडावर, एक, दोन, तीन, मी मोजले, चौथ्याले जबडा तुटल्याचा आवाज मले ऐकू आला. तो रगताच्या फेसातून सांगे, मले कोनीतरी मारलं, गाडीवर मारलं. लोकं म्हने, आता मारतोच तुले. अन् साऱ्यात पुढे माहा दीपक, साऱ्यात मोठ्यानं वरडनारा.

म्या काय केलं, हे सारेच इचारते. पयले म्या फोटो काढले. खोटं कायले सांगू. मंग कॅमेरा पाठीवर टाकला, मधात घुसली अन् वसीमवर आडवी पडली. चार-पाच लाता मलेच बसल्या, बरगडीत, कानाखाली. मंग कोनीतरी म्हने, अरे थांबा, थे शोभाताई हाये. तवा थांबले.

बुवा तिथंच गेले. वसीमले दवाखान्यात नेलं अन् गुन्हा बी त्याच्यावरच लागला. मी कॅमेरा घेऊन सीधी रिसोडले चाचाकडे. कॉम्प्युटरवर फोटो लावले. पयले सहा फोटो वसीमचे, झक्कास. सातव्यात वसीम धूसर. फोकस उडाला होता. फोकस बसला होता दोराच्या आत आलेल्या मानसावर, पांढरा शर्ट, हातात काठी, काठी वसीमच्या हातावर, ह्यांडलवर. नखातली माती मोजा एवढं साफ. चेहरा तं असा साफ का मिशीचा एकेक केस येगळा.

दीपक.

चाचानं फोटोचं कार्ड काढून माह्या हातात देल्लं. मंग म्हने, ये फोटो तुने निकाला है बेटा, मैं नहीं बोलूंगा क्या करना. म्या कार्ड त्याच्याजवळ ठेवलं अन् घरी गेली. म्हनलं, पयले दीपकले इचारू. भाऊ हाये, सांगीन मले.

त्याले म्हनलं, दीपक, तू दोराच्या आत काहून गेला? त्याचं तोंड पांढरं फटक पडलं. म्हने, ताई, म्या फक्त भेव दाखोला, गनेश पुढे निंगावा म्हनून, मले काय मालूम तो असा पडीन. म्या म्हनलं, बुवा मेले ना रे, अन् तू त्या पोट्ट्याले वरतून मारत होता. मंग तो बदलला. कार्ड कुठं हाये? म्या म्हनलं, नाई माह्याजवळ. त्यानं कॅमेरा उचलला अन् उंबऱ्यावर आपटला, मंग दगडी वरवंटा घेऊन चेचला. मंग मले. केस धरून भिंतीवर डोकं, पोटात लाथ. माहं हे बोट पाहा, फोटो काढाचं, हे त्यानं धरून मांगं वाकोलं, सांग कुठं हाये, सांग, अन् वाकोतच गेला. कडकन् झालं. मायनं त्याले ओढलं, वरडली, पन मंग माह्या तोंडावरचं रगत पुसता पुसता माय म्हने, देऊन टाक व शोभा, भाऊ हाये तुहा. त्याच्या मारानं मी रडली नव्हती, मायच्या त्या बोलन्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी सकायी बोटाले फडकं गुंडायून चाचासंग ठान्यात गेली. साहेबानं फोटो मोठा करून पाह्यला, मले इचारलं, वयखता याले? म्या सांगितलं, वयखतो. दीपकले त्याच दिवशी नेलं. आठ महिने आत होता, मंग जामिनावर सुटला. वसीमवरचा गुन्हा गेला. जबडा जुयला, पन बोलनं अजून धड समजत नाई, अन् गाडीवर तो पुन्हा बसला नाई. एकदा आला होता, मायच्या पाया पडून गेला. मायनं पाय मांगं घेतले.

गावातले अर्धे लोकं मले बोलत नाईत. म्हने, सख्ख्या भावाले आत टाकनारी. मी जुना कॅमेरा घेतला, मधल्या बोटानं दाबतो आता. रेसा पुन्हा सुरू झाल्या, मी जातो.

दीपक घरीच राह्यते, दुसऱ्या खोलीत. बोलत नाई. वाशीमले केसची तारीख असली का माय सकायी भाकरीचे दोन फडके बांधते, एक त्याचं, एक माहं. तो आरोपी, मी साक्षीदार, अन् त्या टाईमची एसटी एकच. तो पुढे बसते, मी मांगं. मागच्या तारखेले एसटी खचाखच होती, तो आधी चढला होता. मी आत गेली तं त्याच्या बाजूच्या शिटावर रुमाल टाकेल होता. त्यानं माह्याकडे पाह्यलं नाई, रुमाल उचलला फक्त. मी बसली. वाशीमपर्यंत त्याचा खांदा माह्या खांद्याले लागत होता.

कोर्टात वकिलानं फोटो दाखोला, म्हने, बाई, नीट पाहून सांगा, हा कोन. म्या नीट पाह्यलं. म्या सांगितलं, हा माहा भाऊ दीपक.

येताना एसटी रिकामीच होती. त्याच्या बाजूचं शीट मोकयं होतं, पन रुमाल नव्हता. मी मांगं जाऊन बसली. त्याचं चांगलं होवो, लेकरंबायको होवो त्याले, उमर लागो, माह्या मनात दुसरं काही नाई. पन पुढच्या तारखेले इचारलं तं मी हेच सांगीन.