वरच्या खोलीतल्या माणसाचा खुलासा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या वाहिनीचे प्रमुख, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले मालिकेचे नवे लेखक महोदय, डाव्या हाताला आपले तरुण दिग्दर्शक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे नाना, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि मागे केबलच्या पेट्यांवर बसलेली माझी मंडळी, म्हणजे दिवेवाले, कपडेवाले, मेकअपवाले आणि सुतार, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माइक जरा खाली घ्या हो. हां. मी काही सहा फुटी नायिका नाही.

मला इथं सगळे वहीबाई म्हणतात. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आधीच्या शॉटमध्ये कोणाच्या कोणत्या हातात काय होतं, बटण लावलेलं होतं की उघडं, कप भरलेला होता की अर्धा, हे वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या शॉटला तंतोतंत तसंच आहे ना हे बघायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं करतेय. चुकलं की ओरडायचं, "थांबा!" मग दिग्दर्शक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या लग्नात शिंकले.

आयोजकांनी मला भाषण लिहून दिलंय. हा बघा कागद. सुबक टाईप केलेला. यात "नव्या पिढीनं नानांच्या भूमिकेला नवे आयाम दिले" असं वाक्य आहे. तीन वेळा आहे. मी चष्मा पुसून पुसून वाचलं, आयाम काही सापडेनात. तेव्हा कागद बाजूला ठेवते आणि जे मला ठाऊक आहे ते बोलते. चालेल ना अध्यक्षमहाराज? नाही चाललं तरी आता माइक माझ्याकडे आहे.

मालिका तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तळमजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान, मधल्या मजल्यावर ते भांडकुदळ कुटुंब, आणि जिना चढून गेलं की एक भाड्याची खोली. त्या खोलीत नाना. नाव नाही, गाव नाही, आगापीछा नाही. घरातली माणसं त्यांना नुसतं "वरचे" म्हणायची. "वरचे आलेत." "वरच्यांना विचारा." सात वर्षं मालिका चालली, आणि सात वर्षांत वरचे कोण हे कोणीही सांगितलं नाही. दोन-चार भागांत एकदा जिन्यावरून खाली यायचे, एक वाक्य बोलायचे, परत वर. बस्स.

पण काय ती वाक्यं! धाकटी सून घर सोडून निघालीय, हातात बॅग, सासू खोलीत दार लावून बसलेली, नवरा मान खाली घालून उभा. जिन्यावर वरचे. आता आजच्या मालिकेत काय झालं असतं? वीज कडाडली असती, सातजणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले असते. वरचे नुसते बाजूला सरकले, तिला वाट दिली आणि म्हणाले, "बॅग जड आहे. सकाळी न्या." ती थांबली. सकाळी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आमच्याकडे पोतं घेऊन आला, पत्रांचं. पोतं म्हणतेय मी, अतिशयोक्ती नाही. ते उचलायला दोघं लागले, त्यातला एक तिकडे मागं बसलाय, विचारा.

आमचे जुने लेखक आज हयात नाहीत. त्यांना मी एकदा विचारलं होतं, "मला तरी सांगा, हे कोण आहेत? वहीत लिहायला हवं." ते म्हणाले, "बाई, मलाही माहीत नाही. आणि कळलं तर मी लिहिणं थांबवीन." मी तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस आळशी आहे. माझी अक्कल तेवढीच होती.

पत्रांत लोक अंदाज बांधायचे. कोणाला ते निवृत्त न्यायाधीश वाटायचे, कोणाला मुलगा गमावलेले बाप. एका शिक्षिकेचं पत्र नानांनी अजून जपून ठेवलंय. तिचा थोरला भाऊ तरुणपणी घर सोडून गेला तो परत आलाच नाही. तिनं लिहिलं होतं, "ते कोण आहेत हे कृपा करून कधी दाखवू नका. रोज संध्याकाळी आठ वाजता मी माझ्या भावाची वाट बघते आणि कधीकधी तो जिन्यावरून खाली येतो." वहिनी, तुम्हीच ते पत्र वाचून दाखवलं होतं मेकअपच्या खोलीत, आणि मेकअप दोनदा करावा लागला होता.

असो. मालिका संपली. बावीस वर्षं गेली. आणि आठ महिन्यांपूर्वी वाहिनीला साक्षात्कार झाला की जुनी मालिका पुन्हा सुरू करावी. उत्तम! मला फोन आला, नानांना फोन आला. नाना शहात्तर वर्षांचे, गुडघ्यांचा वैताग, पण "जिना तोच आहे ना?" एवढंच विचारून हो म्हणाले.

मग आमची पहिली बैठक झाली. काचेची खोली, काचेचं टेबल, आणि भिंतीवर एक पांढरा फळा. नव्या लेखक महोदयांनी त्या फळ्यावर मधोमध लिहिलं, "वरचे = कोण?" आणि खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "प्रेक्षकांना उत्तरं हवीत." मी विचारलं, कोणत्या प्रेक्षकांना? म्हणाले, पाहणी केलीय. पाहणीत प्रश्न काय होता? "वरचे कोण हे जाणून घ्यायला आवडेल का?" अहो, मलासुद्धा शेजारच्यांच्या कपाटात काय आहे हे जाणून घ्यायला आवडेल! म्हणून शेजारी कपाट उघडून रस्त्यावर ठेवतात का?

पण फळा भरत गेला. वरच्यांना आधी नाव मिळालं. मग जन्मतारीख. मग एक जुळा भाऊ, आणि तो कोण, तर घरातले आजोबा! हसू नका, हे गंभीर कथानक आहे. मग दुकानाला लागलेली आग, मग खोटा आळ, मग तुरुंग, मग सूड. खोलीत एक ट्रंक आली. ट्रंकेला कुलूप. चार महिने दर शुक्रवारी कॅमेरा त्या कुलपाजवळ जातो आणि कोणीतरी ढोल बडवतो. नानांचे केस काळे केले. पांढऱ्या केसांचा सूड प्रेक्षकांना पटत नाही म्हणे. भुवई उडवायला शिकवली. शहात्तराव्या वर्षी, ज्या माणसानं सात वर्षं नुसतं जिना उतरून घराघरात माणसं रडवली, त्याला एक पंचविशीतला पोरगा आरसा धरून सांगतोय, "सर, उजवी. उजवी भुवई."

आज जी तसबीर भेट देताय ना अध्यक्षमहाराज, ती मी मघाशी बघितली. त्यात नाना काळ्या केसांनी, भुवई उडवून उभे आहेत. वहिनींनी ती भिंतीवर लावली तर मी त्यांच्याकडे चहाला जाणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

लेखक महोदय, तुम्ही रागावलात का? चेहरा पडलाय. अहो, राग तुमच्या एकट्यावर नाहीच. तुम्ही हुशार आहात, भराभर लिहिता, तुमचा फळा सुंदर आहे. तुम्ही फक्त एक जिवंत माणूस घेतलात आणि त्याचा खुलासा केलात. मला त्याची कीव येते. रागावण्याइतकी तुमची माझी ओळख नाही.

नाना काय म्हणाले? काहीच नाही. चोख नट. दिलेलं पान पाठ. एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकदाच, फक्त एकदाच, ते लेखक महोदयांकडे गेले. मी शेजारी उभी होते. शेवटच्या भागाची पानं आली होती. चार पानांचं स्वगत. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून वरच्यांनी सगळं सांगायचं, भाऊ, आग, तुरुंग, सगळं, आणि मग ट्रंक उघडून कोसळून मरायचं. नाना हात जोडून म्हणाले, "मला मारा, हरकत नाही. मला नुसता वर जाऊ द्या आणि दार लावू द्या. आयुष्यभर मी बाकी काही केलं नाही हो, हा एकच माणूस केला. मी कोणीच नव्हतो म्हणून लोकांनी मला आपल्यातला म्हटलं. आता मला कोणीतरी करू नका."

आणि उत्तर काय मिळालं? मोबाइलवरची नजर वर न उचलता मिळालं: "नाना, इमोशनल होऊ नका, स्वगत हिट होणार."

नाना पायऱ्यांशी जाऊन बसले. पाणी मागितलं. मी दिलं. दोन्ही हातांनी पेला धरून बसले, प्यायले नाहीत. दोन्ही मालिकांत मी त्या हातांत काय काय होतं ते लिहून ठेवलंय, पण ते हात तसे मी कधी पाहिले नव्हते, आणि ते लिहिलंही नाही.

आता मुद्द्यावर येते. मागून खूण होतेय, वेळ संपला म्हणून. दोनच मिनिटं.

ते स्वगत परवा आणि काल चित्रित झालं. परवा लांबचे शॉट घेतले, स्वगताचा पहिला अर्धा भाग. काल जवळचे, चेहऱ्यावरचे, उरलेला अर्धा. परवा नानांच्या गळ्यात राखाडी मफलर होता, दोन वेढे, डावं टोक पुढे. वहीत आहे, माझ्या अक्षरात. काल सकाळी नाना मेकअप करून आले, गळा मोकळा.

ते विसरले होते का? मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. शहात्तर वर्षांचा माणूस विसरू शकतो. लक्षात ठेवायचं काम त्यांचं नाही, माझं आहे. नाना पायरीवर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "बाई, सगळं बरोबर?"

कपडेवाला मफलर घेऊन धावत आला होता. मी त्याला हातानं थांबवलं.

आणि म्हटलं, "बरोबर आहे, नाना."

थांबा, थांबा, दिग्दर्शक महोदय, उठू नका. तुम्ही काल मॉनिटरसमोर असतात तर तुम्हालाही दिसलं असतं. तुम्ही बाहेर प्रसिद्धीचे फोटो काढून घेत होता. लेखक महोदय समोर होते, पण ते आपली वाक्यं ऐकत होते, डोळे मिटून. अख्ख्या फ्लोरवर तीस माणसं, आणि ज्या माणसाचा खुलासा चालला होता त्याच्याकडे एकही धड बघत नव्हता!

संकलक आत्ता वरच्या मजल्यावर तो भाग जोडायला बसले असतील. अर्ध्या स्वगतात मफलर, अर्ध्या स्वगतात उघडा गळा. लावा तसंच. उद्या जुळ्या भावाबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही, सगळे मफलर कुठे गेला ते विचारतील. पुन्हा चित्रित करावं म्हणाल, तर ज्या जिन्यावर ते केलं तो काल संध्याकाळीच तुमच्या हुकमानं तोडला, हा समारंभ करायला जागा हवी म्हणून. सुतारांना विचारा. तुम्ही बसलाय ना, ते व्यासपीठ त्याच फळ्यांचं आहे.

एक शॉट मात्र आहे. काल सगळं संपल्यावर आमचे जुने कॅमेरामन म्हणाले, "नाना, एकदा माझ्यासाठी वर जा." नानांनी मफलर घातला, जिना चढले, न बोलता, गुडघा धरत, पण चढले. वर जाऊन वळले, खाली बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. एकाच शॉटमध्ये, चाळीस सेकंद. मी वहीत लिहिलं: सगळं बरोबर. शेवटचा भाग आज आठ वाजता लागणार, त्याला तीन तास आहेत, आणि तुमच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच आहे.

नाना, अहो, रुमाल काढा, वहिनी हसतायत तुमच्याकडे बघून.

अध्यक्षमहाराज, हा माझाही निरोप समारंभ झाला हे मला समजतंय. फुलं वगैरे नकोत. आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, मंडळींनी पेट्यांवर बसून टाळ्या वाजवल्यात, आयोजकांनी माइक बंद केला नाही, त्याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी.

मफलरची क्षमा मी मागत नाही.