छत्तीस गुणांची शाळा

हॅलो?

हो, मी नीलाच… अगं आवाजाला काही झालं नाही, तोंडात दडपे पोहे आहेत. आईंनी केलेत… सासूबाईंनी गं, आणि कोणी? पुण्याहून आल्यापासून मला स्वयंपाकघरात उभं राहू देत नाहीत… काही नाही, सहज. लाड चाललेत.

हो, हो… अगं कांचन, ऐक ना… मीच तुला फोन करणार होते… खरंच. हात लावणार तेवढ्यात वाजला… बरं, नव्हते करणार. घाबरले होते. झालं समाधान?

कोणी सांगितलं तुला? … विनय? आणि विनयला कोणी? … राजीवने. म्हणजे गाडीची जंपर केबल परत द्यायला गेला आणि सगळं सांगून आला. या माणसाच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नाही.

हो. खरं आहे. तुझ्या शेजारचं घर आम्ही नाही घेत.

… ऐकतेय.

… ऐकतेय गं… हो, तू त्या म्हाताऱ्याला गळ घालून घर थांबवून ठेवलंस… हो, मधल्या कुंपणात फाटक करायचं ठरलं होतं… 'वाटी घेऊन साखर मागायला येईन', मीच म्हणाले होते, नाही कुठे म्हणतेय? … मला गाडी कोणी शिकवली तेही विसरलेले नाही. तुझा मागचा दिवा अजून तसाच फुटका आहे.

दुसरं बघितलंय आम्ही… लांब नाही. तुझ्यापासून गाडीने पाच-सात मिनिटं… याच काउंटीत गं, मेरीलँड सोडून कुठे जाऊ? … छोटं आहे. तुझ्या शेजारच्यापेक्षा एक बेडरूम कमी. आणि… हो, महागही आहे… राजीव घरी नाही. पाच वाजता रिएल्टरकडे घराच्या कागदांवर सही करायचीय, तिकडेच गेलाय. टाय लावून… अगं कारण म्हणजे… शाळा.

शाळा. स्कूल.

… रिसेल व्हॅल्यू, कांचन. शाळा चांगली असली की घराला भाव येतो, सगळे म्हणतात… उद्या विकायचं झालं तर… हो, घ्यायच्या आधीच विकायचा विचार करतो आम्ही. काय करू, इंजिनियरशी लग्न केलंय.

नाही गं, ऐकीव नाही. अभ्यास केलाय त्याने. काउंटीची पुस्तिका मिळते लायब्ररीत. कुठल्या शाळेतली थर्ड ग्रेडची मुलं गणितात किती, वाचनात किती, एका टीचरमागे मुलं किती… सगळी झेरॉक्स करून आणली. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घातली. तो घड्या घड्यांचा कागद येतो ना, कडेला भोकं असलेला, तो आमच्या सोफ्यापासून बाथरूमपर्यंत पसरलाय. आई लुगडं सावरून कडेकडेने चालतात. पाय लागला की वाकून नमस्कार करतात कागदाला.

… हसलीस? बरं वाटलं. मग अजून ऐक. गुण किती ठेवलेत विचार… छत्तीस. आईंची आयडिया. म्हणाल्या, ते परसेंटाइल मला कळत नाही, पत्रिकेसारखं काढ. मग नाडीचे आठ गणिताला, गणाचे सहा टीचरना, असं सगळं बसवलं त्याने. पार्किंगलासुद्धा दोन आहेत… आणि अठराच्या खाली आलं की स्थळ बाद… आमच्या पत्रिकेचे? काठावर अठरा जुळले होते, माहितीये तुला. तरी चाललंय ना नऊ वर्षं.

एकतीस. एकतीस मिळाले त्या शाळेला, काउंटीत पहिली. आणि घर तिच्या अगदी फाटकासमोर, कांचन. सिंकपाशी उभं राहिलं की झोपाळ्यावरची मुलं दिसतात. भांडी घासायचीच विसरले मी… म्हणजे, घासायला नव्हती भांडी. नुसती उभी राहिले होते.

तुमच्या शाळेला? … कशाला पण… नीट बघितलं नाही मी. तो कागद बाथरूमच्या टोकाला आहे… अगं, तुझी मृणालिनी हुशारच आहे, तिचा काय संबंध…

सोळा.

… हॅलो?

… मी नाही दिले गं, कॉम्प्युटरने दिले… हो, स्पेलिंग बीमध्ये दुसरी आली, मीच पेढे वाटले… नावं कोण ठेवतंय तुमच्या शाळेला? … कांचन, ऐक तरी…

हं.

… हं.

नाही, बोल ना. 'ज्यांना मुलं आहेत त्यांनी बघाव्यात शाळा.' ऐकलं मी… राग नाही आला… तुझ्या मनात तसं नव्हतं, माहितीये मला… सॉरी नको म्हणूस, मीही आत्ताच तुझ्या पोरीच्या शाळेला नापास केलंय. फिट्टंफाट.

थांब… तुझ्याकडे काही खट वाजलं का? … मग आमच्याकडेच.

आई? आई, तुम्ही बेडरूममधला फोन उचललाय का?

… आई, श्वास ऐकू येतोय.

कांचन, आई आहेत लाइनवर… आई, असू दे, ती तसं नाही म्हणाली… तिला माहीत नाही ना, म्हणून… आई, नको. आई, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, हे तुम्हीच मला देवापुढे हात जोडायला लावून… राजीवकडूनही वदवून घेतलंत… आई…

सांगितलंत. झालं.

कांचन? … हॅलो? … अगं किंचाळू नकोस, कानठळ्या बसल्या आमच्या… हो… हो गं, खरंच… सप्टेंबरच्या शेवटी म्हणालेत डॉक्टर… मी ठीक आहे. पोहे खातेय बघ… नाही, तू रडू नकोस, तू रडलीस की मी… झालं. लागले मी पण. आई, तुम्ही कशाला?

अगं, तुला किती वेळा सांगावंसं वाटलं. रोज फोनपर्यंत यायचे आणि परत जायचे. नऊ वर्षं प्रत्येक गोष्ट तुला आधी सांगितली, आणि हीच पोटात दाबून ठेवायची. वर रिसेल व्हॅल्यू रिसेल व्हॅल्यू करत तुझ्याशी भांडायची पाळी… हो, मला नाही जमत खोटं बोलायला. रिसेल म्हणताना कान तापले होते.

हो ना, शाळा त्याच्यासाठीच. किंवा तिच्यासाठी… अगं राजीवचं तर विचारूच नकोस. तो शाळेत जाऊन आला. नाव घालायला… आपल्याकडे नाही का, चांगल्या शाळेत आधीपासून नाव घालून ठेवतात. तसं. सेक्रेटरीने विचारलं, चाइल्ड्स नेम? हा म्हणाला, नॉट डिसायडेड. एज? म्हणे, मायनस सिक्स मंथ्स… थांब, पुढे ऐक. ती बाई म्हणाली, कम बॅक इन फाइव्ह इयर्स, स्वीटी. स्वीटी म्हणाली म्हणून लाजत घरी आला… हो, हाच टाय लावून गेला होता.

नाही, पत्ता नाही विचारला तिने. का गं? … आमच्या घराचा? नंबर नाही आठवत. पांढरं आहे, खिडक्यांना हिरवी शटर्स. पुढे मोठं मेपलचं झाड… शेजारी? शेजारच्यांनी गॅरेजवर बास्केटबॉलची रिंग लावलीय… जेनिफर? कोण जेनिफर?

बरं, मृणालिनीची मैत्रीण. ती त्या रिंगवाल्या घरात राहते. तिच्या बर्थडेला तू पोरीला तिथे सोडायला गेली होतीस. बरं. मग?

… वर्गात म्हणजे? मृणालिनीच्या वर्गात? तुमच्या शाळेत?

अगं पण तिच्या दारासमोर शाळा आहे. रस्ता ओलांडला की फाटक. ती बसने तुमच्याकडे कशाला येईल?

… रस्त्याच्या मधून? काय जातं रस्त्याच्या मधून?

हद्द.

म्हणजे पलीकडची घरं त्या शाळेला. आणि आमच्या बाजूची… तुमच्या.

… आणि काउंटी सांगेल तिथेच जायचं? … हेडमास्तरांना भेटून नाही चालत? … समोरच राहतो असं सांगून? … डोनेशन? … आई विचारतायत, बर्फी नेली तर? … आई, बर्फीसुद्धा नाही चालत म्हणते.

अगं देवा. म्हणजे माझं पोर खिडकीतून समोरच्या शाळेची घंटा ऐकणार आणि बस पकडून सोळा गुणांकडे जाणार… हसू नकोस, कांचन. आई, तुम्ही पण… अगं, मला उचकी लागली हसून…

नकाशा होता. हो, होता ना पुस्तिकेच्या मागे, घडीचा. राजीवने त्याचीच झेरॉक्स काढली नाही. म्हणाला, चित्रं नकोत, आकडे पुरेत… नाही, रिएल्टरलाही नाही विचारलं. उलट यानेच त्याला शाळांवर लेक्चर दिलं. शाळा घरासमोर म्हणजे शाळा आपलीच, यात विचारायचं काय, असं वाटलं आम्हाला. आपल्या तिकडे तसंच असतं ना गं.

अगं, राजीव. राजीव सही करायला बसला असेल… किती वाजले? … पावणेपाच. नंबर आहे, फ्रिजवर चिकटवलाय. ठेवते मी, लगेच त्याला…

काय?

… अजून? त्या म्हाताऱ्याने ते घर अजून कुणाला दिलं नाही? … तू आज सकाळी परत गेली होतीस त्याच्याकडे? आम्ही नाही म्हणाल्याचं कळल्यावर? … कशाला पण कांचन… वेडी आहेस तू यार.

घ्यायला हवंच गं. शाळा तीच मिळणार तर एक बेडरूम जास्त, फाटक, साखर… पण सोळा आहेत कांचन. राजीव म्हणेल, मग तिसरं कुठेतरी बघू. अठराच्या खाली नको. त्याचं टाळकं तुला माहितीये.

… थांब. मृणालिनीच्या त्या टीचर अजून आहेत का तिथे? मिसेस कोवाल्स्की? … हो, त्याच. बाकी सगळे टीचर तिला 'मिनी' म्हणू का विचारायचे, आणि त्या बाई शाळा सुटल्यावर फळ्याकडे तोंड करून एकट्याच घोकायच्या, मृ-णा-लि-नी, मृ-णा-लि-नी. तूच सांगितलंस. आणि ख्रिसमसच्या प्रोग्रॅमला माइकवरून पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट… मी होते ना तुझ्या शेजारी. नंतर गाडीत बसून रडले. तुला सर्दी म्हणून सांगितलं, ती सर्दी नव्हती. मला वाटलं, आपल्यालाही एक असतं, तर त्याचं नाव कुणीतरी असं घेतलं असतं.

… नको, आता नको रडूस. वेळ नाही.

आई, ऐका. कागदावर ते पार्किंगचे दोन गुण आहेत ना? कांचनच्या शाळेला त्यात शून्य आहे. ते पार्किंग खोडा. पेन्सिल तुमच्या उशाशी आहे… आणि तिथे मिसेस कोवाल्स्की लिहा. मराठीतच लिहा, चालेल… किती द्यायचे? तुम्हीच सांगा… दोनपैकी दोन.

सोळा आणि दोन.

… बघ कांचन. काठावर. आमच्याइतकेच. आता हा माणूस कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? … हो, सांग विनयला, कुंपण कुठे तोडायचं ते बघून ठेव म्हणावं. फाटक रुंद कर, बाळाचा स्ट्रोलर जायला हवा.

बरं, ठेवते आता, त्याला थांबवायचंय… आई, तुम्ही आधी ठेवा. तुम्ही ठेवल्याशिवाय लाइन मोकळी होणार नाही… कांचन, तू डिंकाच्या लाडवांचं नंतर विचार ना… आई, खारकेचं उद्या सांगा तिला… अगं, नऊ वर्षं थांबलात ना दोघी, मग दहा मिनिटं…

… नाही ठेवणार तुम्ही. कळलं मला. बोला. बोलून घ्या पोटभर. मी खालच्या मजल्यावरच्या डोरोथीकडे जाऊन तिच्या फोनवरून त्याला लावते… नंबर घेतला हातात… चप्पल घातली…

नाही, पळत नाही.

… दोघी एकदम ओरडू नका. चालत जातेय. जिना धरून, एकेक पायरी, चालत.