भिंतीकडे फिरवलेली कोर

मी पुरुषोत्तमनगरची. बाप मन्हा साखर कारखान्यात फिटर, कॉलनीत वाढले, नि लग्न करून आले ती शहाद्यात काचेच्या दुकानात. काच कापायला आमच्या ह्यांनीच शिकवलं, आता ते मापं घ्यायला गावोगाव फिरतात नि कापते मी. खिडकीची काच काय, कटर फिरवलं, खालून ठोकलं, झालं. पण जाड काचेचं मला भारी भ्या.

आबांना, म्हणजे वडलांना, रिटायर झाल्यावर दुर्बिणीचं वेड लागलं. धडगावला एकदा कोणीतरी दुर्बीण लावून शनीचं कडं दाखवत होते, आबांचा नंबर आला नि ढग आले. तेवढंच निमित्त. विकत आणू म्हटलं तर रागावले, तिच्यातला आरसा मी जाड काच हातानं घासून करीन म्हणे. आणि काय सांगू तुम्हाला, त्यातच काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. मग आबांची नुसती घाई.

एक दिवस रिक्षात घालून बोटभर जाड काच आणली, एका सराफाच्या जुन्या काउंटरची, नि दुकानात भिंतीला टेकवून ठेवली. सुमन, यातून माले गोल काढी दे. मी म्हटलं, आबा, टफन असली तर? टफन म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, ती कापताच येत नाही, कापायला जावं तर सगळी भुगा होऊन अंगावर येते. अशीच एक आमच्या ह्यांच्या तोंडावर उडाली, भुवईवर वण आहे अजून. आणि नुसतं बघून मला कळेना, शिक्काही कुठे दिसेना. मी नाहीच म्हटलं. आबा म्हणे काप. मी म्हटलं, आहे तो डोळाही घालवायचा का? आबा मान खाली घालून म्हणे, माय, रागावू नको, ती काच पहिलेच फुटेल शे. एक कोर उडेल शे, तू नाही म्हणशी म्हणीसन भिंतकडे फिराई ठेवी मी.

मी काच फिरवली. अंगठ्याएवढी खोल कपची उडालेली. मला रडू नि हसू एकदमच आलं. अहो आबा, टफन असती तर कपची उडाली तेव्हाच अख्खी भुगा झाली असती, साधीच आहे ही, तुम्ही लपवलं तेच तर मी शोधत होते!

तरी धाकधूक होतीच. पत्र्याच्या डब्याचं कडं ड्रिल मशीनला लावलं, खाली दुसरी काच मेणानं चिकटवली, नि कुरुंदाची ओली भुकटी घालत घालत दिवसभर ते कडं फिरवलं. आबा शेजारी बसून नुसता आवाज ऐकत होते, जेवलेसुद्धा नाहीत. शेवटचा थर राहिला नि टिक् झालं. मी मशीन बंद केलं, हात लावायची हिंमत होईना. मग आबांनीच बोट घातलं, कडेकडेनं हळूहळू फिरवलं. निघनं व माय, म्हणे, आखं निघनं.

आता रोज अंगणात पिंपावर तो गोल घासत असतात, पिंपाभोवती फिरतात नि घासतात, बोटानं चाचपतात. मी देवाला एवढंच म्हणते, बाबा रे, शनीचं कडं दिसेपर्यंत तेवढा उजेड ठेव त्यांच्या डोळ्यात. काल भर दुपारी, अंगण तापलेलं, आभाळ लख्ख मोकळं, आबा हात थांबवून म्हणे, सुमन, ढग उनात का व?

मी म्हटलं, हो आबा, आलेत. जातील आत्ता. तुम्ही घासा.