माहेरचा पाळणा

दामिनीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. फोनवर मी नुसतं हो-हो करतो, म्हणून लेकीने आमगावहून लिहून विचारलं होतं, ‘बाबा, वीज केंद्राची राख अजून घरात येते का? पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ ना?’ तिच्या आईने पाळणा केव्हाच धुऊन ठेवला होता. राख तर रोज येतच होती.

परवा गोंदियाच्या दवाखान्यात रांगेत बसलो होतो. पुढच्या बाकावर दोन बायका होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

“काय झालं बाई लेकराले?”

“दम लागून राहिला. वाफ देऊन आणलं आत्ताच.”

“कोणतं गाव?”

“वीज केंद्राच्या पल्याड. वारा सुटला का मिरच्याइवर राख, पाण्यावर राख.”

“आता तं सूर्यावरची लाइट आली म्हणते ना?”

“आली ना. आमच्याच छतावर पाट्या बसवल्या. त्याइवरची राखबी मलेच पुसा लागते.”

“मंग धुराडं बंद होईल एक दिवस.”

“होईल तवा होईल. हा तोवर दम धरून बसंल का?”

“मंग लेकरू त्या राखंत आणलंच काऊन?”

“पोरीचं पयलं बाळंतपण. म्याच हट्ट केला, माहेरीच ये म्हणून.”

“जावयाघरी धाडून दे ना आता.”

“म्हटलं ना काल. पोरगी म्हणते, आई, तू मले हाकलून राहिली का?”

मूल खोकलं. आजीने त्याला खांद्यावर घेतलं.

माझा नंबर पुकारला, पण मी बाहेर पडलो. पोस्टातून कार्ड घेतलं. ‘दामिनी, इकडे येऊ नकोस. आम्ही दोघंच तिकडे येतो,’ एवढं लिहिलं आणि तिच्या आईला न विचारताच पेटीत टाकलं.