शेजारची बारकी फाईल

चहा निवू दे गं, आधी ऐक. माझा लेक दत्ता मोहोळला शेळ्या पाळायचा. कोणती शेळी कुणाची लेक, हे मी तोंडपाठ सांगायची आणि तो लिनक्सच्या कॉम्प्युटरात एसक्यूलाइट का काय ते बसवून त्यात लिहायचा. दर शेळीच्या नावाखाली स्वतःची एक ओळ घालायचा.

"काय लिवलंस रं?"

"तुजंच गुऱ्हाळ, आये."

दिवाळीनंतर तो अचानक गेला. परवा सून रेखानं त्याचं सगळं नव्या कॉम्प्युटरात घेतलं आणि जुना पुसून टाकला. मग उघडून बघते तर शेवटच्या दिवसाचं लिहिलेलं न्हाईच.

रेखा रडायला लागली. "आत्या, प्रोग्राम बंद न करताच मी मोठी फाईल तेवढी उचलली. नवं लिहिलेलं तिच्या शेजारच्या बारक्या फाईलीत असतंय, ती ऱ्हायली."

"रडू नगं. गंगी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही माद्याच, समदं ध्यानात हाय माज्या."

मी सांगत गेले, तिनं लिहून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "आन् त्याखाली ह्यांनी काय लिहिलं हुतं?"

त्या दिवशी मी त्याला इचारलं होतं की. म्हणाला, "दमलोय गं, उद्या वाचून दावतो."