दोन्ही बाजू सारख्या

कोणी ऐकलं नाही हो माझं, चिटणीस — पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतेय, कापण्यात चूक नाही, कापण्यात चूक नाही, पण ऐकतंय कोण? बसा. त्या स्टुलावर नको, त्याला गोंद लागलाय, उठाल तेव्हा पँट तिथेच राहील. इकडे बसा, लाकूड कापायच्या मशीनशेजारी. बंद आहे ते, चावत नाही. आणि तुम्हीही त्यातलेच, बरं का. हो, तुम्हीच. त्या रविवारी क्लबच्या मैदानावर दातांच्या डॉक्टरांचं विमान कोसळलं, सगळे माना वळवून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा तुम्ही काय केलंत? बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात. पायात सँडल होती तुमच्या! मी बघितलं ना. चौथी शिकलेय, आंधळी नाही.

आणि कोसळलं तरी कसं! दोन हात लांब विमान, नवंकोरं, वर लाल फिल्म चढवलेली — ती पण मीच कापून दिलेली, माझ्या कातरीने, एक सुरकुती दाखवा म्हणावं — तर ते धावलं, उठलं, आणि उठलं ते डावीकडे. वर नाही, डावीकडे. कोणी कान धरून वळवल्यासारखं. डॉक्टर इकडे त्या रिमोटच्या काड्या पिळतायत, तोंड उघडं, आणि विमान गेलं थेट त्यांच्या सासऱ्यांच्या घडीच्या खुर्चीत. सासरे नेमके पाणी प्यायला उठलेले म्हणून बरं. खुर्ची आरपार! पंखा कापडात अडकून घुरघुरतोय. आणि डॉक्टर धावले कुणाकडे? सासऱ्यांकडे? छे. विमानाकडे. तुकडे गोळा करत बसले गवतात, आणि सासरे हातात पेला धरून उभे. मग डॉक्टर मान वर करून म्हणतात काय, तर — "कातरमावशींनी कापताना घोळ केलाय." झालं! पन्नास माणसं, शिकली-सवरलेली, एकाच्याही तोंडून निघालं नाही की थांबा, आधी मोजून बघू. बाई आहे, चौथी पास आहे, मशीनवर बसते, म्हणजे घोळ तिनेच केला असणार. गणित सुटलं.

मग मी काय केलं? मी मोजलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, दोन दात ठणकणारी माणसं बाकावर बसलेली, त्यांच्यामधून आत शिरले आणि म्हटलं, तुकडे द्या. दिले. इथे आणले, ग्रुपवरून डॉक्टरांनी जे ड्रॉइंग उतरवून मला पाठवलं होतं ते पुरं मापाचं छापून घेतलं, ह्या टेबलावर पसरलं आणि एकेक तुकडा त्यावर ठेवला. नाकाची फळी — ज्याच्यावर इंजिन बसतं ती — रेषेवर रेषा. पंखाच्या बरगड्या, रेषेवर रेषा. दोन कुशी, म्हणजे विमानाच्या दोन बाजूंच्या लांब फळ्या — त्या पण. केसाचा फरक नाही. तुम्हाला बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं, त्या रिटायर कॅशियरना बोलावलं — त्यांचं विमान पंधरा दिवस आधी असंच डावीकडे आडवं झालं होतं आणि ते वाऱ्याला शिव्या देत बसले होते — सगळ्यांना इथे उभं केलं आणि म्हटलं, बघा. आता बोला. आणि काय बोलले? "मावशी, तुमचं कापणं बरोबर आहे." इतकंच? माफी वगैरे? माफी कसली, कॅशियरनी तर माझीच पट्टी उचलून परत मोजलं!

आणि मी खूश. मूर्खासारखी खूश. घरी जाऊन पोटभर जेवले.

मला काय माहीत, त्याच संध्याकाळी तुम्ही लोक बसून ठरवणार की कापणं बरोबर, तर मग ड्रॉइंग चूक. आणि ड्रॉइंग कोणाचं? मिस्त्रींचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, त्याला विचारणार कोण, ढकला त्याच्यावर! मीच माझ्या हाताने सुटले आणि ह्यांना अडकवून बसले. वाचा ना तो कागद. आणलाय ना वाचायला? वाचा परत. "मूळ आराखड्यात दोष आढळल्याने" — दोष! — "हा आराखडा ग्रुपवरून काढून टाकण्यात येत आहे. आराखडाकार, मिस्त्री." आणि खाली माझी सही हवी. कशाला? वारस म्हणून? वा! नवरा चुकला होता असं बायकोच्या सहीने लावायचं आणि जगभर वाटायचं.

चिटणीस, ह्या क्लबातल्या अर्ध्या माणसांना विमान उडवायला ह्यांनी शिकवलं. तुम्हाला कोणी शिकवलं? बोला की. ह्याच विमानावर शिकलात ना तुम्ही, ह्यांच्या त्या पिवळ्या विमानावर, सात वेळा आपटलंत आणि सातही वेळा ह्यांनी जोडून दिलं. कारखान्यात तीस वर्षं लाकडाचे साचे बनवले त्या माणसाने, अर्धा मिलिमीटर चुकला की ओतलेलं लोखंड फुकट जायचं. त्यांच्या आराखड्यात दोष! आणि हे म्हणणार कोण, तर ज्यांना खिळ्याचं डोकं कुठलं आणि टोक कुठलं हे वाचून बघावं लागतं ते.

मला विचाराल तर हे सगळं त्या वाटावाटीचं. पूर्वी काय होतं? ड्रॉइंग कागदावर. हवं असेल त्याने घरी यायचं, ट्रेस करायचं, करता करता दोन गोष्टी विचारायच्या. आता काय? ग्रुपवर टाकलं की घेतलं. कोण घेतो, कुठे घेतो, पत्ता नाही. आणि घेतलं ते घेतलं, नुसतं ठेवत नाहीत, सुधारतात! एकाने पंख लांब केले, एकाने शेपटी बारीक केली, तो कोण तो, नावाच्या जागी घुबडाचं चित्र लावतो तो, त्याने तर चाकंच काढून टाकली आणि खाली लिहिलं, "आता जास्त सुंदर." अरे, उतरणार कशावर, तुझ्या सुंदरपणावर? सगळ्यांना हात घालायचाय. म्हणून मी म्हटलं, ह्यातल्याच कोणीतरी नाक बिघडवलं असणार. डॉक्टरांनीच केलं असेल, मोठं इंजिन बसवायची हौस त्यांनाच.

नाही? तपासलंत? ज्यांची पडली त्या तिघांनीही पहिलंच उतरवलं होतं? एकाचाही हात न लागलेलं, आम्ही टाकलं होतं तेच? तो तिसरा, परगावचा, आपलंही पडलं म्हणून ग्रुपवर रडला तो, त्याने पण?

हं.

बरं, थांबा. थांबा, जाऊ नका. तुम्हाला एक दाखवते, मग लावा तो कागद कुठे लावायचा तिथे. ती नळी काढा, वरची, हो, तीच. हे बघा. हे ह्यांचं. पेन्सिलचं ड्रॉइंग. कडेला धरा, घामेजल्या हाताने मधे नको. दिसतंय? ही डावी कूस आणि ही उजवी. पट्टी घ्या. मोजा. मी नाही सांगणार, तुम्हीच मोजा. डावी किती? आणि उजवी? तीन मिलिमीटर आखूड! काल रात्रभर — रात्र कसली, परवा दुपारपासून मी हेच बघतेय. मग भिंतीवरचं पिवळं विमान उतरवलं, ह्यांच्या हातचं, ते मोजलं. तेही तीन. म्हणजे नाकाची फळी बसते तिरकी, इंजिनचं तोंड जरासं उजवीकडे. का? कारण पंखा जोरात फिरला की विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून त्याला आधीच थोडं उजवीकडे बघायला लावायचं. हे मला कोणी सांगितलं? तुमच्या कॅशियरनी, काल, फोनवर. इतकी वर्षं उडवतायत, कळत होतं त्यांना, पण स्वतःच्या विमानाचं नाक सरळ आहे हे डोळ्याला नाही दिसलं. आणि तुमच्यासारखे रिमोटवर बोटाने सावरून घेत होते म्हणून कळलं नाही, ज्यांना ते जमलं नाही ते आपटले. तेव्हा बोला आता, दोष कुठे आहे? कागदावर आहे? ह्या माणसाने काय चुकवलं? एवढंच चुकवलं की बाजूला लिहिलं नाही. लिहायला हवं असं त्यांना वाटलंच नसेल. श्वास घ्या असं कोणी लिहून ठेवतं का?

फाडा तो कागद. फाडा!

का नाही?

काय म्हणालात?

कागदावर तिरकं आहे, मग कॉम्प्युटरवर सरळ कोणी केलं — हे काय, कॉम्प्युटरने केलं असेल. त्याला काय, त्याची सवयच आहे नीटनेटकं करायची. नाही करत? आपलं आपण नाही करत? मग भाचीने केलं. माझी भाची, ती ड्राफ्टिंगचा कोर्स केलेली, तिने चढवलं हे सगळं कॉम्प्युटरवर, इथेच बसून, मी आकडे वाचून दाखवत होते आणि ती रेषा मारत होती. शिकलेली मुलगी, तिला कळायला नको? तिचं नाव घाला. आजकालच्या पोरींना एकदा एक बाजू काढली की बटण दाबून आरशासारखी उलटवायची आणि झालं काम —

नाही. थांबा. ते लिहू नका.

तिने विचारलं होतं. "मावशी, ह्या दोन बाजू सारख्या नाहीत गं, काकांनी एक लांब काढलीये, तशीच ठेवू?" दोनदा विचारलं तिने. मी म्हटलं — काय म्हटलं मी — म्हटलं, सारख्या कर.

तुम्हाला माहीत नाही, चिटणीस, कोणालाच माहीत नाही. शेवटच्या वर्षी ह्यांचा हात हलायचा. तुम्ही म्हणायचात ना, मिस्त्रींनी चहा का सोडला — सोडला नव्हता, घरी प्यायचे, दोन्ही हातांनी, मी बशी धरायची. इथे तुमच्यासमोर पेला उचलायचेच नाहीत. हात खिशात घालून उभे राहायचे, तुम्हाला वाटायचं किती ऐटीत उभे राहतात. हे ड्रॉइंग त्याच वर्षातलं, जुनं ट्रेस करून करून फाटलं म्हणून परत काढलेलं. ही रेघ बघा, इथे, आणि ही — कशी दातेरी झालीये. एकेका रेघेला पाच पाच मिनिटं लागायची, मनगटाखाली उशी घ्यायचे. आणि ती पोरगी म्हणते, बाजू सारख्या नाहीत. मला वाटलं, हललाच हात. हलला आणि तीन मिलिमीटर गेली रेघ. आता हे ग्रुपवर जाणार, शंभर लोक बघणार, मोजणार, आणि म्हणणार, मिस्त्रींचा शेवटी हात राहिला नव्हता. त्यांनी वर्षभर खिशात लपवला आणि मी चव्हाट्यावर मांडू? म्हटलं, सारख्या कर. आणि कोणाला सांगू नकोस. तिने शब्द पाळला, अजून पाळतेय, त्या दिवशी खुर्ची फाटल्यावर तिला फोन केला तर म्हणते, "मी काही बोलणार नाही मावशी." मलाच लाज वाटली.

त्यांचा हात हलत होता. पण मोजमाप नाही हललं हो. ह्या सगळ्या दातेरी रेघा, आणि तीन म्हणजे तीनच. मी त्यांच्यावर तेवढाही विश्वास ठेवला नाही. आणि तुमच्या नावाने बोटं मोडतेय.

असे बघू नका माझ्याकडे. पाणी-बिणी काही नको. तो कागद द्या इकडे. पेन आहे? "मूळ आराखड्यात दोष" खोडा. पूर्ण खोडा, खालून दिसतंय अजून. लिहा — मूळ आराखडा बरोबर, डावी बाजू तीन मिलिमीटर जास्त, तशीच ठेवावी. हाताचं काही लिहायचं नाही. एक अक्षर नाही, आणि बाहेर बोललात तर बघा, ते सात वेळा आपटलेलं मी सगळ्यांना सांगेन. आराखडा काढायचा नाही ग्रुपवरून, भाची नीट करून परत टाकेल. आणि चूक कोणाची ते लिहायला जागा ठेवलीये ना तुम्ही, ती भरा. काय लिहिलंत? "मिस्त्रींची पत्नी"? खोडा ते. खोडा म्हणतेय ना! त्यात परत ह्यांचंच नाव येतं. तुम्ही सगळे मला हाक मारता तेच लिहा, आणि मग उठा, मला मशीन पुसायचंय. लिहा, नीट अक्षरात — कातरमावशी.