मोटारीतून पाहिलेली आगगाडी

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणतात. मी कुठं चोरून ऐकलं? इस्पितळाच्या बाकावर बसले होते, आणि शेजारची आई नि तिचा साहेब मुलगा माझ्या कानाशीच भांडत होते.

“बस की रे खाली. विंचू चावल्यासारखा काय फिरतोस?”

“आई, चारला समितीची बैठक आहे. आपल्या गावची आगगाडी बंद करून तो पैसा नव्या रस्त्याला द्यायचाय. माझी सही हवीय.”

“मग दर आठवड्याला रक्त धुवायला मी इथं कशी येऊ? उडत?”

“अगं, गाडी रिकामीच धावते, असं अहवालात आहे.”

“कोणी केला अहवाल?”

“रस्ता बांधणाऱ्या कंपनीनं. आमच्या खात्यात तेवढी माणसं नाहीत.”

“वा! मुलगी कशी आहे, ते मुलीच्या मामालाच विचारलंत! आणि तुम्ही पाहणीला गेला होतात ना?”

“गेलो होतो. कंपनीच्या मोटारीतून.”

“मोटारीत बसून आगगाडी पाहिलीत?”

“हळू बोल गं. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. या बाई मघापासून ऐकतायतच.”

मी भिंतीकडे पाहिलं.

“झालं ना तुझं रक्त धुऊन? चल, कंपनीची मोटार खाली उभी आहे. आधी तुला घरी सोडतील.”

“तूच बस तिच्यात. मी सकाळी तुझ्या रिकाम्या गाडीतून उभ्यानं आले, तशीच जाईन.”

तिनं पिशवी उचलली आणि निघालीसुद्धा. मुलाचा फोन वाजत राहिला. तो तिच्यामागे धावला.

“आई, थांब! आपली गाडी कुठल्या फलाटावरून सुटते?”